ओळख, पत आणि सहकार

‘गाव करी ते राव न करी’ अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. रावाजवळ पैसा असतो, सत्ता असते. गावाजवळ यांपैकी बहुधा काहीच नसते. मग रावाला न साधणारे कार्य गावाला कसे साधते? गावातील माणसे परस्परांना ओळखतात, हे त्याचे उत्तर होय. ही ओळख केवळ सुखदुःखाच्या प्रसंगीच उपयोगी पडते असे नाही. आर्थिक व्यवहारातही ते एक प्रकारचे भांडवलच आहे. हे भांडवल कसे कामास येते आणि कोठे अपुरे पडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. बारा जणांनी भिशी लावली. प्रत्येकाने दरमहा १०० रुपये द्यावयाचे आणि जमलेले १,२०० रुपये चिठ्ठी टाकून दर महिन्यास एकाने न्यावयाचे, असे ठरले. वरवर पाहता यात कर्ज नाही आणि व्याजही नाही. परंतु पहिल्याच महिन्यात ज्याची चिठ्ठी निघाली, त्याने इतरांचे १,१०० रुपये उचललेले असतात. म्हणजे तो वस्तुतः ऋणको झाला. ज्याची पाळी शेवटची, त्याने अकरा महिने मिळून १,१०० रुपये भरलेले असतात व हाती काहीच आलेले नसते. तो धनको झाला. या व्यवहारास ना तारण, ना दस्तऐवज. पहिल्या मनुष्याने दुसऱ्या महिन्यापासून हात आखडता घेतला तर? परंतु सहसा तसे घडत नाही. का घडत नाही, हाच खरा प्रश्न आहे.

त्याची कारणे तीन. पहिले कारण पारख. भिशीत कोणाला घ्यावे व कोणाला घेऊ नये, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांस आधीच ठाऊक असते. अपरिचित पेढीवाल्यास तेच जाणून घेण्यासाठी कागदपत्रे व चौकशी लागते. दुसरे कारण देखरेख. बैल घेण्यासाठी म्हणून नेलेला पैसा बैलावरच खर्च झाला की नाही, हे सांगावयास गावात तपासनीस लागत नाही. तिसरे कारण अब्रू. ज्यांचे पैसे बुडवावयाचे त्यांच्याशीच उद्या पेरणीला, आजारपणात आणि घरच्या कार्यात गाठ पडणार असते. थोड्या रुपयांसाठी एवढे मोठे नुकसान कोणता शहाणा पत्करील? सावकार जे जबर व्याज घेतो, त्यात पैसा बुडण्याच्या भयाचाही एक अंश असतो. ओळखीमुळे ते भय उणे झाले, की व्याजही उतरू शकते.

हेच तत्त्व जर्मनीतील फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझेन यांनी संस्थेच्या रूपात आणले. श्रीमंतांच्या देणग्यांवर चाललेले साहाय्य टिकत नाही, हा अनुभव आल्यावर त्यांनी १८६४ साली हेडेसडॉर्फ येथे शेतकऱ्यांचीच पतसंस्था उभारली. संस्थेचे क्षेत्र लहान असावे, म्हणजे सभासद एकमेकांस ओळखतील. आणि संस्थेच्या देण्यास सर्व सभासद अमर्याद जबाबदार असावेत, म्हणजे ते एकमेकांवर लक्ष ठेवतील, अशी त्यांची योजना होती.

आपल्या देशात या मार्गाचा आरंभ बडोद्यास झाला, आणि तो तेथे स्थायिक झालेल्या मध्यमवर्गीय महाराष्ट्रीय कुटुंबांनी केला, हे आपणांस विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली ५ फेब्रुवारी १८८९ रोजी तेथे ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ स्थापन झाली. त्या वेळी सहकाराचा कायदाही अस्तित्वात नव्हता. घरापासून दूर आलेल्या माणसांनी परस्परांच्या विश्वासावरच हे धाडस केले.

१९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, तेव्हा त्यातही ओळखीचे तत्त्व स्पष्टपणे आले. सभासद एकाच गावचे, शहरातले वा गावांच्या एकाच गटातले असावेत, अथवा निबंधकाच्या संमतीने एकाच जमातीचे, वर्गाचे वा जातीचे असावेत, अशी त्यात अट होती. या कायद्याखालील आरंभीच्या संस्थांपैकी एक १९०५ साली त्या वेळच्या धारवाड जिल्ह्यातील गदगजवळ कणगिनहाळ या खेड्यात निघाली. १९०६ साली मुंबईत चित्रापूर सारस्वत समाजासाठी ‘शामराव विठ्ठल’ ही संस्था स्थापन झाली.

परंतु या नाण्याला दुसरी बाजूही आहे. जी आपुलकी कर्ज फेडावयास लावते, तीच कधी कधी कर्ज मागावयास कठीण करते. भाच्याचा हप्ता थकला, तर मामाने नोटीस कशी पाठवावी? शिवाय जेथे वर्तुळ आहे तेथे वर्तुळाबाहेरचा मनुष्यही आहे. ज्यांना गावाने पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवले, त्यांना गावाच्या ओळखीतून पत कशी मिळावी? आणि वर्तुळातील सर्वच गरीब असतील, तर दुष्काळात सर्वांचेच हात एकदम रिकामे होतात. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीचा अहवाल १९५४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा १९५१-५२ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जांपैकी सुमारे ३ टक्केच सहकारी संस्थांकडून आले होते आणि जवळजवळ ७० टक्के सावकारांकडून, असे आढळले. कायदा होऊन तेव्हा अर्धशतक होत आले होते. बडोद्याची मंडळी पुढे बँक झाली, शतकाहून अधिक काळ चालली, आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे व्यवहार थांबले. थोर वारसा असला तरी तेवढ्यानेच संस्था तरत नाही.

म्हणून ओळखीला दोन गोष्टींची जोड हवी. एक म्हणजे लिखित हिशेब व त्याची त्रयस्थाकडून तपासणी. ती असली की मामाला भाच्यास ‘नाही’ म्हणता येते, कारण ते ‘नाही’ त्याचे नसून नियमाचे असते. दुसरी म्हणजे उघडे दार. मुंबईची वर उल्लेखिलेली संस्था एका समाजापुरती निघाली, परंतु आज ती अनेक राज्यांत शाखा असलेली बँक आहे. ओळखीच्या वर्तुळातच राहून एवढी वाढ झाली नसती.

विद्यार्थीमित्रहो, सहलीसाठी वर्गणी जमविताना किंवा वर्गाचे वस्तुभांडार चालविताना हा विचार तुम्हालाही करून पाहता येईल. खजिनदार मित्र असला तरी वही रोज लिहा, ती आपल्या टोळीबाहेरच्या एखाद्याकडून तपासून घ्या, आणि वर्गात नव्याने आलेल्या मुलालाही त्यात भाग द्या. त्याला अद्याप कोणी ओळखत नाही. पण तुमच्याबरोबर व्यवहार केल्यानेच त्याची ओळख होणार आहे.