खांद्याचे दुखणे आणि बारा आठवड्यांचा व्यायाम

(गिरावीन येथे दिलेल्या व्याख्यानाच्या ध्वनिमुद्रणावरून)



गेल्या सिम्हाथ तोराच्या रात्री आपल्यातील एक ज्येष्ठ काका मागच्या बाकावरच बसून राहिले. हक्काफोथच्या वेळी सेफेर तोरा हाती घेण्याचा मान त्यांना देऊ केला, तेव्हा त्यांनी हात जोडून नकार दिला. अनेकांना वाटले की काका रुसले. खरे कारण त्यांनी मला पुढे सांगितले. उजवा खांदा दुखत होता आणि पवित्र सेफेर आपल्या हातून निसटेल, या भीतीने त्यांना काही रात्री झोप नव्हती. हे आपणांस सांगण्याची अनुमती त्यांनीच मला दिली आहे. मी भौतिकोपचाराचा व्यवसाय करते. माझ्याकडे ते आले तेव्हा शस्त्रक्रियेचा सल्ला त्यांना मिळालेला होता आणि मनाची तयारीही जवळजवळ झाली होती.

या दुखण्याला इंपिंजमेंट म्हणतात. त्याची ओळख सोपी आहे. हात बाजूने वर नेताना पहिला टप्पा सुखाचा जातो. साधारण साठ ते एकशेवीस अंशांच्या मधल्या टप्प्यात कळ येते. त्यापुढे ती पुष्कळदा कमी होते. वरच्या फळीवरील डबा काढताना, मागल्या अंगणातील दोरीवर कपडे वाळत घालताना, सीसीथ खांद्यावर ओढून घेताना ती जाणवते. त्या कुशीवर निजता येत नाही.

खांद्याचा सांधा म्हणजे लहान बशीवर ठेवलेले मोठे संत्रे. बशी उथळ असल्यामुळेच हात चहूकडे फिरतो. परंतु संत्रे घसरू न देण्याचे काम चार लहान स्नायूंवर पडते. त्यांच्या कंडरांवर हाडाचे एक छप्पर आहे आणि छप्पर व कंडरा यांच्यामध्ये वंगणाची पातळ पिशवी आहे. अमेरिकेतील शल्यविशारद चार्ल्स नीर यांनी 1972 साली असे मांडले की, छपराची पुढची कड कंडरेवर घासते, म्हणून ती कड तासून काढावी. कल्पना सुबोध होती. जागा अपुरी असेल तर ती वाढवावी, हे कोणालाही पटेल. पुढे दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया जगभर होऊ लागली.

तिची खरी परीक्षा मात्र फार उशिरा झाली. ब्रिटनमधील 32 रुग्णालयांतील 313 रुग्णांचे तीन गट करण्यात आले. एका गटाचे हाड तासले, दुसऱ्या गटात केवळ दुर्बीण घालून सांधा पाहिला आणि काहीही न कापता बाहेर काढली, तिसऱ्या गटावर कोणताच उपचार केला नाही. 2018 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला निष्कर्ष असा की, हाड तासलेल्यांत आणि नुसती दुर्बीण घातलेल्यांत काही फरक आढळला नाही, उपचार न झालेल्यांपेक्षा दोघेही किंचित बरे होते, पण तो फरक रुग्णाला जाणवावा इतका नव्हता. फिनलंडमधील प्रयोगातही तासलेले हाड नुसत्या दुर्बिणीपेक्षा सरस ठरले नाही. 2019 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने तज्ज्ञांची शिफारस प्रसिद्ध केली, की या दुखण्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये.

मग करावे काय? 2012 साली स्वीडनमध्ये शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीत असलेल्या 97 रुग्णांपैकी एका गटाला खांद्याच्या चार स्नायूंचे आणि पाठीवरील पात्याच्या स्नायूंचे नेमके व्यायाम बारा आठवडे दिले. दुसऱ्याला मान व खांद्याच्या साध्या हालचाली दिल्या. पहिल्या गटातील 20 टक्क्यांनी, तर दुसऱ्यातील 63 टक्क्यांनी पुढे शस्त्रक्रियेचा मार्ग धरला. हाडाची कड सर्वांची जशीच्या तशीच होती. कंडरेला हळूहळू वाढता भार मिळाला की ती भार सोसण्यास शिकते आणि संत्रे बशीच्या मध्यावर राहते.

प्रारंभ असा करावा. कोपर काटकोनात दुमडून बरगडीशी टेकवावे आणि दाराच्या चौकटीवर मनगटाची बाहेरची बाजू दाबावी; हात हलू द्यायचा नाही. तीस सेकंद, पाच वेळा. आठवडाभराने रबरी पट्टा घ्यावा. कोपर तेथेच ठेवून पट्टा बाहेरच्या बाजूस ओढावा आणि परत येताना मनात तीन अंक मोजावेत. हे परत येणेच महत्त्वाचे आहे आणि तेच सर्वजण घाईत उरकतात. मग पट्टा दाराच्या मुठीला बांधून दोन्ही कोपरे मागे ओढावीत, पाठीवरची पाती एकमेकांजवळ यावीत. भिंतीला तळवे टेकवून उभ्याने जोर काढावेत. प्रत्येक प्रकार पंधरा वेळा, असे तीन फेरे. पहिले आठ आठवडे दिवसातून दोनदा, नंतरचे चार एकदा.

दुखेल. दहापैकी पाचापर्यंत दुखणे चालेल, परंतु पुढच्या वेळेपूर्वी ते शमले पाहिजे. न शमल्यास भार कमी करावा, व्यायाम सोडू नये. शब्बाथला काय करावे, असे मला विचारतात. धर्मनियमाचा निर्णय हाखामांनी द्यावा. शरीरापुरते सांगायचे तर आठवड्यातून एक दिवस विश्रांती घेतल्याने काहीही बिघडत नाही.

माझ्या व्यवसायाला न शोभणारी एक गोष्टही सांगते. ब्रिटनमध्ये 708 रुग्णांवर झालेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकाच भेटीत नीट समजावून घेऊन घरी व्यायाम करणारे आणि सहा भेटींपर्यंत येणारे, यांच्यात वर्षअखेर फरक दिसला नाही. आपल्या डॉक्टरांनी दीर्घकालीन आजाराचा आराखडा करून दिल्यास मेडिकेअर वर्षाला पाच भेटींना हातभार लावते. पाच पुरेत. उरलेले काम घरच्या दाराच्या चौकटीपाशी होते.

मात्र पडल्यानंतर हात एकाएकी उचलेनासा झाला, सांधा तापला, ताप आला, किंवा चालताना छातीसह डावा खांदा भरून येऊ लागला, तर पट्टा बाजूला ठेवून तत्काळ डॉक्टर गाठावा. आणि दुसऱ्याने हात धरून फिरवला तरीही तो बाहेरच्या बाजूस वळत नसेल, तर तो गोठलेला खांदा असू शकतो. मधुमेह असलेल्यांत तो अधिक आढळतो आणि त्याची वाट निराळी आहे.

काकांनी आणि मी पंचांग उघडून दिवस मोजले. ताम्मूजच्या सत्तावीस तारखेला आरंभ केला की सिम्हाथ तोराला बारा आठवडे पूर्ण होतात. सेफेर दहा-बारा किलोचा असतो, लाकडी पेटीसह त्याहून जड. म्हणून शेवटचे चार आठवडे काका दुधाच्या भरलेल्या बाटल्या छातीशी धरून घरात सात फेऱ्या मारणार आहेत. आरंभ एका दोन लिटरच्या बाटलीने व्हायचा आहे. काकू म्हणतात, दूध सांडले तर पुसायला त्यांनीच वाकायचे.