दीर्घ आजारात श्वानाची सोबत

मधुमेह, रक्तदाब, संधिवात किंवा पक्षाघातानंतरचे दुबळेपण हे आजार एकदा घरात आले की बहुधा कायमच्या मुक्कामाला येतात. औषधांनी ते आटोक्यात राहतात. परंतु दिवसभराचा एकटेपणा आणि ‘आता आपण कोणाच्या उपयोगाचे?’ ही सल यांवर गोळी नाही. आपल्या देवपुरातही मुले नोकरीनिमित्त पुण्या-नाशिकला आणि घरी वृद्ध दांपत्य, असे चित्र सर्रास दिसते. अशा घरांनी श्वानाच्या सोबतीचा विचार जरूर करावा, मात्र डोळसपणे.

दत्तात्रेयांच्या तसबिरीतील चार श्वान आपल्या परिचयाचे आहेत. वैद्यकशास्त्राचे लक्ष या सोबतीकडे बरेच उशिरा गेले. १९८० मध्ये एरिका फ्रीडमन व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ९२ हृदयरुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरात पाळीव प्राणी असलेल्या ५३ रुग्णांपैकी ३ दगावले, तर नसलेल्या ३९ पैकी ११. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. २०१३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननेही श्वानपालन आणि हृदयविकाराचा कमी धोका यांचा संबंध असू शकतो, असे नमूद केले. मात्र केवळ त्यासाठी प्राणी आणू नये, असेही बजावले.

लाभाची कारणे साधी आहेत. श्वानाला फिरवायचे म्हणून आपणही चालतो. आठवड्याला १५० मिनिटे मध्यम व्यायाम हवा. रोज वीस-बावीस मिनिटांत तो होतो. त्याच्या जेवणाच्या वेळेबरोबर आपल्या औषधांची वेळही पाळली जाते. वाटेत शेजारी थांबून दोन शब्द बोलतात. आणि आपल्यावर कोणीतरी अवलंबून आहे, ही जाणीव उठण्याचे बळ देते.

आता पथ्ये. श्वानाला रेबीजची लस वेळेवर द्यावी. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मधुमेहींनी पायाची जखम त्याला चाटू देऊ नये. रक्त पातळ करणारी औषधे, कर्करोगाचे उपचार, अवयव प्रत्यारोपण किंवा दमा असल्यास आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. हाडे ठिसूळ असतील तर दांडगा श्वान नको; साखळीच्या हिसक्याने पडून खुबा मोडू शकतो. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ऊन चढण्यापूर्वीच फिरून यावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी.

घरी श्वान आणणे शक्य नसेल, तर शेजाऱ्यांच्या शांत श्वानाबरोबर रोज थोडा वेळ घालवावा. मानसशास्त्रज्ञ मीनल कविश्वर यांच्या ‘अॅनिमल एंजल्स फाउंडेशन’ने महाराष्ट्रात प्रशिक्षित श्वानांच्या साहाय्याने उपचारांचे काम केले आहे. तेथेही श्वान मूळ उपचारांना पूरकच असतो. त्याच्या भरवशावर एकही गोळी बंद करू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. आई-वडिलांना ‘भेट’ म्हणून पिल्लू आणून देऊ नका. पिल्लाचा दंगा सोसणे कठीण जाते; शांत, प्रौढ श्वान बरा. श्वान दहा-बारा वर्षे जगतो. ते रुग्णालयात दाखल झाले, तर त्याला कोण सांभाळणार? या प्रश्नाचे उत्तर देणारी व्यक्ती आधी ठरवा, मगच त्याला घरी आणा.