रोजचं इंग्रजी : 'पुट'चा गोतावळा

'बॅग इथे ठेवा' याचं इंग्रजी करताना मराठी माणूस हमखास 'कीप युवर बॅग हिअर' म्हणतो. आपल्याकडे ते चालूनही जातं. पण इंग्रजांच्या देशात त्याचा अर्थ 'बॅग इथेच राहू द्या' असा होतो. आपलं 'ठेवणे' दोन कामं सांभाळतं : वस्तू कुठेतरी टेकवणं आणि ती तिथे राहू देणं. इंग्रजीत पहिल्या कामाला 'पुट', दुसऱ्याला 'कीप'. चावी टेबलावर ठेवायची तर 'पुट द की ऑन द टेबल', स्वतःजवळच ठेवायची तर 'कीप द की'. फोनसुद्धा 'कीप' करायचा नसतो. 'पुट द फोन डाउन' म्हणायचं, किंवा सरळ 'हँग अप'.

इथवर सोपं आहे. 'पुट'च्या मागे ऑफ, ऑन, आउट, अप यांपैकी काही लागलं, की खरी धांदल उडते. शाळेत आपण 'पोस्टपोन', 'एक्स्टिंग्विश', 'टॉलरेट' असे भारदस्त शब्द घोकलेले असतात. बोलणारा मात्र मीटिंग 'पुट ऑफ' करतो, आग 'पुट आउट' करतो आणि शेजाऱ्यांचा गोंगाट 'पुट अप विथ' करतो. हे भारदस्त शब्द लॅटिनच्या घराण्यातले. 'पोस्टपोन'मधल्या 'पोन'च्या मुळाशी लॅटिनमधलं 'ठेवणे'च आहे, म्हणजे फिरून गोष्ट तीच. आपल्याकडेही नोटिशीत सभा 'स्थगित' होते आणि घरात 'पुढे ढकलली' जाते. ढकलणं समजलं नाही, तर नुसत्या 'स्थगित'वर मराठी घरात कुणाचा निभाव लागेल?

इंग्रजीचं हे मर्म चार्ल्स ऑग्डेन यांनी ओळखलं होतं. 1930 मध्ये त्यांनी 'बेसिक इंग्लिश' मांडलं : अवघे 850 शब्द आणि त्यांत क्रियापदं फक्त 18. गेट, गिव्ह, टेक, मेक यांच्याबरोबर 'पुट' त्यांत होतंच. आकडा मोहक आहे, पण त्यात थोडी हातचलाखीही आहे. 'पुट' आणि 'ऑफ' हे दोन शब्द येत असले, तरी 'पुट ऑफ'चा अर्थ त्यांतून आपोआप निघत नाही. तो निराळा शिकावा लागतो. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला 'काढणे' असंच छळत असणार. आपण तिकीट काढतो, कर्ज काढतो, दिवस काढतो, समजूत काढतो आणि खोडीही काढतो.

म्हणून हे जोड सुटे पाठ करू नका, वाक्यातच उचला. कार्यालयात फोन केला, तर पलीकडून 'आय विल पुट यू थ्रू' ऐकू येईल, म्हणजे 'जोडून देते'. थंडीत बाहेर पडताना 'पुट ऑन युवर कोट'. एखाद्याच्या उद्धट वागण्याने मन उडालं, तर 'हिज मॅनर्स पुट मी ऑफ'. इथे पुढे ढकलण्याचा काही संबंध नाही. 'पुट डाउन' जपून वापरा. कुणी खिन्नपणे 'वी हॅड टू पुट द डॉग डाउन' म्हणालं, तर कुत्रा कडेवरून खाली ठेवलेला नसतो. आजारी जनावराला डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन मरण दिलेलं असतं.

एक नियम मात्र घोकण्याजोगा. 'पुट ऑफ द मीटिंग' चालतं, 'पुट द मीटिंग ऑफ'ही चालतं. पण मीटिंगच्या जागी 'इट' आलं, की ते मधेच बसतं : 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' कधीच नाही. 'पुट अप विथ' मात्र फुटत नाही. 'इट' शेवटीच येतं. आणखी एक सोय म्हणजे भूतकाळातही 'पुट'चं रूप बदलत नाही. 'ही पुट्स' म्हणजे तो ठेवतो, 'ही पुट' म्हणजे त्याने ठेवलं.

आता या आठवड्याचा गृहपाठ. 'पुट अप' म्हणजे पाहुण्याची राहण्याची सोय करणं, 'पुट अप विथ' म्हणजे सोसणं. 'आय पुट हिम अप फॉर अ वीक, अँड आय पुट अप विथ हिम फॉर अ वीक' याचं मराठी करून पाहा. पाहुण्यादेखत मोठ्याने वाचू नका. पुढच्या आठवड्यात 'गेट'.