कुलपात बसलेला सोडिअम

चेतासंस्था शिकवताना सोडिअमचे नाव साधारणपणे एकदाच येते. चेतापेशीच्या पटलातील दारे उघडतात, बाहेरचे सोडिअम आयन आत शिरतात आणि विद्युत संदेश पुढे सरकतो. मग दोन चेतापेशींमधील फट येते. तेथे सुटलेले रसायनाचे रेणू पलीकडच्या पेशीवरील ग्राही रेणूंना चिकटतात. आपण फळ्यावर कुलूप-किल्लीचे चित्र काढतो आणि तास संपतो. या दुसऱ्या भागात सोडिअमला काही काम नाही, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. तो अपुरा आहे, हे अफूच्या ग्राहींवरील प्रयोगांतून फार चांगले समजते.

अफूतील मॉर्फिन वेदना शमवते. नॅलॉक्सोनची रेणुरचना त्याच्याशी बरीच मिळतीजुळती, पण काम उलटे. मॉर्फिनची किंवा हेरॉइनची मात्रा अति झाल्याने ज्याचा श्वास मंदावत चालला आहे, अशा रुग्णाला वेळेवर नॅलॉक्सोन टोचले तर काही मिनिटांत श्वास पूर्ववत होऊ शकतो. कारण ते मॉर्फिनची जागा अडवते, पण स्वतः संदेश देत नाही. दोन्ही किल्ल्या एकाच कुलपात जातात. एकीने ते उघडते, दुसरी नुसती अडकून बसते. मग कुलपाला हा फरक कळतो तरी कसा?

१९७३ साली बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी हे ग्राही प्रत्यक्ष मोजून दाखवले. पद्धत समजायला सोपी आहे. उंदराचा मेंदू वाटून त्याचा लगदा करायचा, त्यात किरणोत्सारी खूण केलेले नॅलॉक्सोन घालायचे, मिश्रण गाळायचे आणि गाळणीवर किती किरणोत्सार उरला ते मोजायचे. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एरिक सायमन यांच्या गटाने एटॉर्फिन हे मॉर्फिनसारखे, पण कितीतरी अधिक प्रभावी द्रव्य वापरले. मिश्रणात मीठ वाढवले की एटॉर्फिनचे चिकटणे कमी होते, असे त्यांना आढळले. स्नायडर यांच्या प्रयोगशाळेत मात्र सोडिअममुळे नॅलॉक्सोनचे चिकटणे वाढत होते! ग्राही तेच, मीठ तेच आणि निष्कर्ष विरुद्ध. एखाद्याला वाटले असते, कोणाचे तरी मोजमाप चुकले. पण दोघांचेही बरोबर होते. संदेश देणारी द्रव्ये सोडिअमच्या उपस्थितीत कमी चिकटतात, अडवणारी द्रव्ये तशी कमी होत नाहीत, उलट काहींचे चिकटणे वाढते. सोडिअमने दोन किल्ल्यांमधला फरक उघड केला होता.

यासाठी मीठ तरी किती लागते? लिटरभर पाण्यात सुमारे ६ ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर. आपल्या पेशींबाहेरील द्रवात सोडिअम याहून थोडे अधिकच असते. पोटॅशिअम, रुबिडिअम किंवा सीझिअम घालून हा परिणाम मिळत नाही; लिथिअमने थोडा मिळतो. आवर्तसारणीतील पहिला गण शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. विद्युतभार सर्वांवर सारखाच, एक धन. आकार मात्र खाली जावे तसा वाढत जातो. मँगनीज आणि मॅग्नेशिअम यांचे आयन तर सोडिअमच्या उलट वागतात. ते संदेश देणाऱ्या द्रव्यांचे चिकटणे वाढवतात.

या फरकाचा व्यवहारात उपयोग झाला. सोडिअम घातल्यावर एखादे औषध चिकटण्यासाठी किती पट अधिक मात्रा लागते, या गुणोत्तराला सोडिअम निर्देशांक म्हणू लागले. नॅलॉक्सोनसाठी तो १ च्या आसपास, मॉर्फिनसाठी कित्येक पट मोठा आणि पेंटाझोसिनसारख्या मिश्र गुणाच्या वेदनाशामकासाठी मधला.

आता कारण. कुलूप-किल्लीच्या चित्रात कुलूप लोखंडाचे, न हलणारे असते. ग्राही हा प्रथिनाचा रेणू मात्र सतत हलतो. त्याच्या एक शांत आणि एक क्रियाशील अशा दोन ठेवणी मानता येतात. सोडिअम शांत ठेवणीत बसतो आणि तिला स्थैर्य देतो. समतोल त्या बाजूला झुकतो, म्हणून क्रियाशील ठेवण पसंत करणाऱ्या मॉर्फिनला जागा कमी मिळते. रासायनिक समतोल शिकवणाऱ्यांना हा ल शातलिए यांच्या तत्त्वाचाच प्रकार वाटेल.

सोडिअम नेमका कोठे बसतो, हे दिसायला मात्र चार दशके जावी लागली. २०१२ साली ॲडिनोसिनच्या ग्राहीत आणि २०१४ साली मानवी डेल्टा ओपिऑइड ग्राहीत क्ष-किरणांच्या साहाय्याने तो आयन दिसला. पटल ओलांडणाऱ्या सात सर्पिलांच्या मध्यभागी, ॲस्पार्टिक आम्लाच्या ऋणभाराजवळ, पाण्याच्या रेणूंच्या संगतीत तो बसलेला असतो. ग्राही क्रियाशील होताना ही पोकळी आक्रसते आणि सोडिअमला तेथे जागा राहत नाही. संशोधकांनी पोकळीतील काही अमिनो आम्ले बदलून पाहिली, तेव्हा एरवी अडवणारे नॅल्ट्रिंडोल हे द्रव्य पेशीत एका प्रकारचा संदेश सुरू करू लागले. किल्ली जुनीच होती. बदलली होती ती सोडिअमची बैठक.

वर्गात एक प्रश्न हमखास येईल: मग जेवणात मीठ जास्त खाल्ले तर मॉर्फिनचा परिणाम कमी होईल का? नाही. रक्तातील सोडिअमचे प्रमाण मूत्रपिंडे आणि संप्रेरके फार काटेकोरपणे राखतात. ते थोडे ढळले तरी माणूस आजारी पडतो. परीक्षानळीत आपण सोडिअम शून्यावर आणू शकतो, शरीरात नाही. म्हणूनच सोडिअमविना केलेल्या प्रयोगात मॉर्फिन शरीरात असते त्याहून घट्ट चिकटणारे भासते, आणि असे आकडे वाचताना द्रावणात काय काय घातले होते ते आधी पाहावे लागते.