हरणांच्या जागी तारे

यंदा थंडीआधी घरातल्या आठ वर्षांच्या मुलासाठी स्वेटर विणायला घेतला. नमुना त्यानेच पुस्तकातून निवडला: छातीवर एका ओळीत नॉर्वेची हरणे, पांढऱ्यावर निळी. दोन रंगांचे विणकाम आम्हा जावाजावांना येते, म्हणून लगेच सुया काढल्या. अडवले ते सासूबाईंनी. "फज्रला आजोबांबरोबर मशिदीत हेच घालून जाणार ना? मग हरणे कशाला?"

मुद्दा बरोबर होता. सजीवांची चित्रे असलेला कपडा घालून नमाज पढणे उलेमांनी नापसंत केले आहे. शिवाय नुसत्या नक्षीचाही विचार करावा लागतो. सहीह बुखारीत ह. आयेशा (रजि.) यांची हदीस आहे. प्रेषितांनी (स.) नक्षीदार चादर अंगावर घेऊन नमाज अदा केली, नजर नक्षीकडे गेली, तेव्हा ती चादर अबू जहम (रजि.) यांच्याकडे पाठवून त्यांची साधी चादर मागवली. जमाअतमध्ये मागच्या सफमधल्या माणसापुढे आपली पाठच असते. म्हणून ठरवले, पाठ कोरी ठेवायची आणि नक्षी फक्त पुढे.

मग हरणांच्या जागी काय? मुलगा म्हणाला, "अल्लाहचे नाव विणा." कल्पना नवी नाही. स्पेनमध्ये बुर्गोसच्या लास उएल्गास मठात, 1275 साली वारलेल्या एका राजपुत्राच्या कबरीत विणलेली रेशमी उशी सापडली. तिच्या काठावर कूफी लिपीत 'बरकत' हा शब्द आहे आणि ते काम मुस्लिम कारागिरांचे मानतात. सुयांवर रंगीत विणकाम म्हणजे फक्त युरोपातल्या बायकांची कला, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पण उशी वेगळी आणि पोराचा स्वेटर वेगळा. तो घालूनच पोरगे संडासात जाणार, मातीत लोळणार. अक्षरे नकोत, असे त्याला समजावले.

शेवटी नॉर्वेचाच आठ पाकळ्यांचा तारा घेतला. सेल्बू भागातल्या हातमोज्यांवर तो 1857 पासून विणला जातो. आठ कोनांची नक्षी आपल्याकडच्या मशिदींच्या जाळ्यांत आणि फरशांतही असतेच, त्यामुळे तो परका वाटला नाही.

खरे काम इथून पुढे. पुस्तकातला हिशेब 10 सेंटीमीटरला 24 टाक्यांचा. आमच्या लोकरीचा आधी तुकडा विणून पाहिला, तर 8 नंबरच्या सुईवर 22 टाकेच बसले. दोन टाक्यांनी काय होते, असे वाटते. पण पुढचा भाग 36 सेंटीमीटर हवा, त्याला पुस्तक 86 टाके सांगते. तेवढेच घातले असते तर भाग 39 सेंटीमीटरचा झाला असता आणि पाठ धरून घेर सहा सेंटीमीटरने वाढला असता. आम्ही 79 घातले. आलेखाच्या वहीत तारा 25 चौकोनांचा बसला. तीन ताऱ्यांचे 75, मधल्या दोन फटींचा एकेक आणि कडेला शिवणीत जाणारा एकेक, झाले 79. हा मेळ जमला तेव्हा आम्ही दोघी उगाचच हसलो.

दोन रंगांत विणताना न वापरलेला धागा मागून जातो. तो ओढला गेला की कापड आखडते. आमची पहिली पट्टी अशीच आखडली आणि बारा ओळी उसवाव्या लागल्या. दुसऱ्यांदा फक्त ताऱ्यांच्या ओळींना 7 नंबरची, म्हणजे थोडी जाड सुई घेतली आणि रंग बदलण्याआधी विणलेले टाके सुईवर पसरून घेतले. मागचा धागा चार-पाच टाक्यांपेक्षा लांब सुटत असेल तर मध्येच दुसऱ्या धाग्याला एक पीळ द्यावा, नाहीतर घालताना मुलाची बोटे त्यात अडकतात. उलट ओळीला हे धागे आपल्याच समोर येतात. पहिल्यांदा गोंधळ होतो, पण चूक चटकन दिसते.

पाठ एकरंगी असल्याने भराभर झाली. बाह्या मात्र खांद्याकडून मनगटाकडे विणल्या. या वयात हात फार झपाट्याने लांबतात. पुढच्या वर्षी मनगटाची पट्टी उसवून दोन इंच वाढवता येतील. तेवढी निळी लोकर कपाटात वेगळी बांधून ठेवली आहे.