उन्हाळा, कूलर आणि काळी टेप

आमच्या भातकुलीत मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि घरोघरी कूलर बाहेर निघतात. वायरचा जोड उघडा दिसला की काळी टेप गुंडाळायची आणि मोकळे व्हायचे, ही आपली पद्धत. पण उन्हात तापून तीच टेप सैल पडते, कडेने चिकट गोंद बाहेर येतो आणि आतली तांब्याची तार डोकावते. शेजारीच पाण्याची टाकी! म्हणून हा गोंद उन्हात का सुटतो ते समजून घेऊ.

हा गोंद वाळून कडक होत नाही, नुसत्या दाबाने चिकटतो. म्हणून त्याला प्रेशर सेन्सिटिव्ह अ‍ॅडहेसिव्ह म्हणतात. १९२५ साली अमेरिकेत रिचर्ड ड्र्यू यांनी बनवलेली मास्किंग टेप याच जातीची. आत रबराचे किंवा अ‍ॅक्रिलिकचे लांबच लांब रेणू शेवयांसारखे गुंतलेले असतात. त्यांनी थोडे वाहून पृष्ठभागाच्या खाचांत शिरायचे, पण घसरायचे मात्र नाही! गरम झाले की या शेवया एकमेकींवरून सरकतात. त्यात काळी टेप असते पीव्हीसीची. ती मऊ राहावी म्हणून घातलेले प्लास्टिसायझर उष्णतेने गोंदात झिरपते आणि गोंद आणखी ढिला होतो.

मग उपाय काय? शेवयांना मधे मधे गाठी मारायच्या. यालाच क्रॉसलिंकिंग म्हणतात. गाठी असल्या की रेणू ताणले जातात, पण वाहून जात नाहीत. मात्र गाठी जास्त झाल्या तर गोंद रबरासारखा होतो आणि चिकटतच नाही. खरे इंजिनिअरिंग आहे ते हे प्रमाण साधण्यात. दुसरा उपाय म्हणजे रेणूच बदलणे. सर्किट बोर्डच्या सोल्डरिंगला वापरतात त्या पिवळसर पॉलिइमाइड टेपवर सिलिकॉनचा गोंद असतो. तो २०० अंशांच्या वरही टिकतो, पण महाग पडतो.

याची टेस्ट सोपी असते. टेपची पट्टी स्टीलच्या पत्र्यावर चिकटवतात, खाली वजन टांगतात आणि ओव्हनचे तापमान हळूहळू वाढवतात. वजन ज्या तापमानाला पडले, ती त्या गोंदाची मर्यादा.

थोडक्यात काय, टेप घेताना पाकिटावरचे तापमान वाचा, आणि वायर पुसून कोरडी करूनच गुंडाळा. पण कूलरच्या जोडाला टेप हा कायमचा इलाज नव्हे. अखंड वायर टाका, अर्थिंग तपासा, आणि टाकीत हात घालण्याआधी प्लग काढा. गोंद घसरला तर टेप बदलता येते, माणूस नाही.