अंगणाचा बंदोबस्त

एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांचा उपद्रव फार वाढला, तेव्हा इंग्रज सरकारने मारून आणलेल्या प्रत्येक फुरशामागे रोख इनाम देण्याची तजवीज केली. आणि ज्या सहा वर्षांचा हिशेब उपलब्ध आहे त्यांत कचेरीत दाखल झालेल्या मृत फुरशांची सरासरी दरसाल सव्वादोन लाखांच्या वर गेली. इतका प्रचंड संहार होऊनही फुरसे त्या जिल्ह्यातून नाहीसे झाले नाही. जांभ्या दगडाच्या सड्यांवर, कातळाच्या भेगांत आणि वाडीभोवतालच्या गडग्यांच्या सांदीत ते आजही सुखेनैव नांदत आहे. कारण ज्या भूमीने त्याला आसरा दिला आणि ज्या विंचू, गोमी, पाली, बेडूक, उंदीर यांवर त्याचा उदरनिर्वाह चालतो, त्यांत काडीचाही फरक पडला नव्हता. ज्या घरात रांगते मूल आहे, किंवा ज्या शाळेच्या मैदानावर शंभर-दीडशे मुले मोकळेपणाने धावतात, तेथील जबाबदार माणसांनी या हकीगतीवरून एवढे ध्यानात घ्यावे की, काठी घेऊन सापाच्या मागे लागण्यापेक्षा आपल्या अंगणाकडे लक्ष पुरविणे हेच मुलाच्या रक्षणाचे मुख्य कार्य आहे.

हे कार्य किती निकडीचे आहे, ते एका आकड्यावरून कळेल. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, मृत्युमुखी पडली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत संशोधनात मांडला गेला. आणि या मृतांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक पंधरा वर्षांखालील मुले होती. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि बहुतेक सारे खेड्यापाड्यांतले. पावसाचे पाणी बिळांत शिरले की साप कोरड्या जागेच्या शोधात बाहेर पडतात, शेतात माणसांचा वावर वाढतो, नागाची अंडी फुटून पिले बाहेर येतात, घोणशीची पिले तर जिवंतच जन्मतात. आणि ही वीतभर पिलेही जन्मापासून विषारी असतात. नागपंचमीच्या दिवशी जमीन खणू नये, काही चिरू-कापू नये, असा संकेत ज्या पूर्वजांनी पाळला, त्यांनी त्यासाठी सापांच्या सर्वाधिक वावराचाच काळ निवडावा, हे मला लक्षणीय वाटते.

महाराष्ट्रात सापांच्या अनेक जाती असल्या, तरी मनुष्यहानी करणारे मुख्य साप चारच: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. फणा काढणारा नाग सर्वांच्या ओळखीचा आहे. घोणस जाडजूड, तपकिरी, पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असलेली आणि डिवचली असता मोठ्याने फुत्कार टाकणारी. तिला मांडूळ किंवा अजगराचे पिलू समजून हाती धरल्याने कित्येकांनी प्राण गमावले आहेत. फुरसे हात-दीड हाताचे, डोक्यावर बाणासारखी खूण असलेले, आणि अंगाची वेटोळी परस्परांवर घासून करकर आवाज काढणारे. त्याच्या लहान आकारामुळे मुले त्याला बिनविषारी समजतात, आणि नेमके तेथेच घात होतो.

मण्यारीविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे, कारण या चौघांत घरातल्या घरात, तेही झोपेत, मृत्यू आणणारी तीच. रंगाने काळी-निळसर व चकचकीत, अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे, बहुधा जोडीजोडीने, मानेच्या थोडे मागून सुरू होऊन शेपटीकडे अधिक स्पष्ट होत जाणारे. तिच्यासारखाच दिसणारा पण बिनविषारी असा कवड्या साप घरांत नेहमी येतो. त्याचे पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट असतात. हा भेद कागदावर सोपा वाटला, तरी कंदिलाच्या किंवा मोबाइलच्या उजेडात, घाबरलेल्या माणसाला, तो कळेलच असे नाही. म्हणून पट्ट्यांचा साप दिसला की तो मण्यारच समजून दूर राहावे. मण्यार दिवसा निपचित असते व रात्री संचार करते. उंदीर, पाली आणि इतर साप यांच्या शोधात ती घरात शिरते, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाच्या अंगाखाली किंवा अंगावर येते, आणि झोपेत हात-पाय हलला की डसते. तिचे दात इतके बारीक की दंशाची खूण पुष्कळदा दिसत नाही, वेदना जवळजवळ होत नाही, सूजही येत नाही. पहाटे मूल उठते ते पोटात दुखते म्हणून. मग त्याच्या पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळताना त्रास होतो, बोलणे अडखळते, आणि अखेर श्वास चालविणारे स्नायूच लुळे पडतात. आईबाप समजतात अपचन झाले. ओवा देतात, पोट शेकतात, आणि उपचाराचे मोलाचे तास निघून जातात. म्हणून पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेल्या मुलाने पहाटे पोटदुखीची तक्रार केली आणि त्याच्या पापण्या झुकलेल्या दिसल्या, तर अंगावर कोठेही खूण नसली तरी सर्पदंश झाला असे धरून तत्काळ रुग्णालय गाठावे, ही गोष्ट प्रत्येक अंगणवाडीत आणि प्रत्येक बचत गटाच्या बैठकीत सांगितली गेली पाहिजे. आणि ज्यांना खाट परवडत नाही त्यांनी निदान मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात. मच्छरदाणी डासांपासून वाचविते तशीच मण्यारीपासूनही वाचविते, आणि ग्रामीण कुटुंबाच्या आवाक्यातला याहून स्वस्त उपाय मला तरी ठाऊक नाही.

आता अंगणाकडे येऊ. साप माणसाच्या वैराने घराजवळ येत नाही. तो उंदरामागून येतो आणि अडगळीत राहतो. पडवीला टेकवून रचलेले सरपण, गोवऱ्यांचा उडवा, कडब्याची गंजी, घर बांधून झाल्यावर वर्षानुवर्षे तशीच राहिलेली विटांची व कौलांची रास, आंब्या-काजूच्या बागेत साचलेला पातेरा, कोंबड्यांचे खुराडे आणि त्याखाली सांडलेले दाणे, या साऱ्या जागा म्हणजे सापाला आयतेच मिळालेले बिऱ्हाड होय. त्यांतील काही वस्तू शेतकऱ्याच्या घरी असणारच. पण त्या मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि दारापासून दूर, शक्य तर जमिनीपासून हात-दीड हात उंच मांडणीवर ठेवता येतात, आणि सरपण काढण्याचे काम मुलांकडे न सोपविता मोठ्या माणसाने, उजेडी, आधी काठीने ढोसून करावे हा नियम घालता येतो. कोकणातील गडगे पाडा असे कोणी म्हणणार नाही. पण घराला लागून असलेल्या गडग्याच्या फटी चिखलाने वा चुन्याने लिंपून घेता येतात, आणि अंगणाच्या बाजूचे गवत पाऊसभर कापून ठेवता येते. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी, उंबरठ्याखालच्या फटीत गोणपाट ठासावे, छपरावर टेकलेल्या वेली व फांद्या छाटाव्यात. धान्य झाकलेल्या कणगीत राहिले आणि उष्टे-खरकटे दारात टाकले नाही तर उंदीर हटतात, आणि उंदरांबरोबर सापाचे येणेही कमी होते.

मुलांच्या खेळाच्या जागा हा याहून नाजूक विषय आहे, कारण त्यांची मालकी सर्वांची असते आणि म्हणून देखरेख कोणाचीच नसते. मैदानाच्या कडेला अर्धवट पुरलेली जुनी टायरे, मोडकी घसरगुंडी, बंद पडलेल्या शौचालयामागचे रान, पाण्याच्या टाकीखालची ओल: चेंडू नेमका तेथेच जातो, आणि मूल विचार न करता हात घालते. २०१९ च्या नोव्हेंबरात केरळच्या वायनाड जिल्ह्यातील सुलतान बत्तेरी येथे तर मैदानात नव्हे, भर वर्गात, जमिनीला पडलेल्या भोकात दडलेल्या सापाने पाचवीतल्या एका मुलीच्या पायाला दंश केला. तिला वेळेवर रुग्णालयात नेले गेले नाही असा आरोप झाला, मुलगी दगावली, आणि त्या राज्यात मोठा क्षोभ उसळला. ते भोक बुजवायला एक पाटी सिमेंट पुरले असते. प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापन समितीने मे महिन्याच्या अखेरीस, शाळा उघडण्यापूर्वी, इमारतीची फरशी, भिंतींच्या भेगा, दरवाजांच्या फटी आणि आवाराचा कोपरान् कोपरा पाहून तशी नोंद दप्तरी ठेवावी, आणि ग्रामपंचायतीने त्यासाठी लागणारा किरकोळ खर्च मंजूर करण्यात हयगय करू नये.

मुलांना काय सांगावे? भीती घालू नये आणि शौर्यही शिकवू नये. साप दिसला की जागीच थांबावे, मग हळूहळू मागे सरावे, दहा-बारा फूट अंतर राखून मोठ्या माणसाला हाक मारावी. दगड मारू नये, शेपटी धरू नये, मेलेल्या सापालाही हात लावू नये, कारण मेल्यानंतरही काही काळ त्याचा जबडा चावू शकतो. झुडपात गेलेला चेंडू काठीने बाहेर ओढावा, अंधारात बॅटरीशिवाय बाहेर पडू नये, बूट घालण्यापूर्वी झटकावेत. या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे, जेथे जाऊ नको म्हटले होते तेथे गेल्यामुळे दंश झाला तरी रागावणार नाही, असा विश्वास मुलाच्या मनात आधीपासून निर्माण करावा. शिक्षेच्या भीतीने दंश लपविणाऱ्या मुलाच्या हातून अर्धा-पाऊण तास सहज वाया जातो.

साप येऊ नये म्हणून घराभोवती कार्बोलिक ॲसिड, फिनेल, डांबरगोळ्या किंवा लसणाचे पाणी शिंपडण्याची चाल सर्वत्र आहे. यांपैकी कशानेही साप खात्रीने दूर राहतात असे सिद्ध झालेले नाही. उलट कार्बोलिक ॲसिडने मुलाचे अंग भाजते, आणि डांबरगोळी गोळी समजून गिळण्याचा धोका असतो. घरात साप शिरलाच तर मुले व गुरे बाहेर काढून, सापावर लांबून नजर ठेवून, जाणत्या सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकाला कळवावे. साप मारणे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार गुन्ह्यात मोडते, हे तर खरेच. पण त्याहून व्यवहाराची गोष्ट अशी की, मारायला किंवा पकडायला पुढे झालेला अननुभवी माणूसच पुष्कळदा दंशाचा बळी होतो. शिवाय धामणीसारखा बिनविषारी साप उंदीर फस्त करून शेतकऱ्यावर उपकारच करीत असतो.

सारी खबरदारी घेऊनही दंश होऊ शकतो. मग काय करावे हे आधीच ठरलेले असावे. मुलाला धीर द्यावा, चालू वा पळू देऊ नये, उचलूनच न्यावे. पैंजण, वाळे, बांगड्या, मनगटाचा व दंडाचा दोरा ताबडतोब काढावा, कारण सूज आली की ते रुततात. दंश झालेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवावा. आवळपट्टी बांधणे, जखम कापणे, तोंडाने रक्त ओढणे, बर्फ लावणे, झाडपाल्याचा लेप देणे, यांतले काहीही करू नये. मांत्रिकाकडे तर मुळीच नेऊ नये. त्याच्याकडे गेलेली माणसे बरी होतात हे असत्य नाही. पुष्कळ दंश बिनविषारी सापांचे असतात आणि विषारी सापही दर वेळी विष टोचतोच असे नाही, त्यामुळे ती माणसे मंत्राविनाही बरीच झाली असती, आणि ज्याच्या अंगात विष भिनले आहे त्याला मात्र तेथे घालविलेला एक तासही महागात पडतो. साप पकडून सोबत नेण्याची आवश्यकता नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येण्यास वेळ असेल तर मिळेल त्या वाहनाने, प्रतिविष आहे अशा जवळच्या सरकारी रुग्णालयात जावे. ते कोठे आहे, तेथे प्रतिविषाचा साठा आहे काय आणि कृत्रिम श्वसनाचे यंत्र कोणत्या गावी आहे, ही चौकशी पावसाआधीच करून ठेवावी.

प्रतिविष हे सर्पदंशावरील एकमेव खरे औषध आहे. सापाचे विष अत्यल्प प्रमाणात घोड्याला क्रमाक्रमाने टोचतात, त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये शुद्ध करून कुप्यांत भरतात. आपल्याकडील प्रतिविष वरील चारही सापांवर एकत्रित चालते, म्हणून साप ओळखता आला नाही तरी उपचार अडत नाही. मुंबईतील हाफकिन संस्थेचे नाव या औषधाशी दीर्घकाळ जोडलेले आहे, आणि त्यासाठी लागणारे विष मुख्यतः तामिळनाडूतील इरुळा जमातीच्या, १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येत आले. डॉक्टर काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवतात. ते गोठले नाही तर घोणस किंवा फुरशाचे विष भिनले हे कळते. काही पालकांना वाटते की मूल लहान म्हणून त्याला कमी औषध पुरेल. तसे नाही: साप लहान-थोर पाहून विष टोचीत नाही, म्हणून मुलालाही मोठ्या माणसाइतक्याच कुप्या द्याव्या लागतात, आणि डॉक्टर तसे करीत असतील तर पालकांनी हरकत घेऊ नये. लक्षणे नसली तरी चोवीस तास रुग्णालयात राहावे. घरी आल्यावर आठ-पंधरा दिवसांनी ताप, सांधेदुखी किंवा अंगावर पुरळ दिसले तर विष पुन्हा चढले असे समजून घाबरू नये. ती प्रतिविषाची प्रतिक्रिया असू शकते आणि तिच्यावर इलाज आहे. रुग्णालयाचे कागद जपून ठेवावेत आणि ते घेऊन मुलाला पुन्हा डॉक्टरांना दाखवावे.